इंजिन काळंच पाहिजे

पुण्याच्या त्या दुकानात मी इंजिन मागितलं तेव्हा दुकानदाराने पहिला प्रश्न केला, "नातवासाठी का, काकू?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

तो हसला आणि माझ्या नवऱ्याकडे वळला. "काका, तुम्हाला साधारण कसं हवंय?"

"मला कशाला विचारता?" नवरा म्हणाला. "मी नुसत्या वायरी जोडतो. रेल्वे तिची आहे."

तरीही दुकानदाराने खोका उघडून ठेवला तो नवऱ्यासमोरच. आत हिरवंगार इंजिन होतं. उंच पितळी धुराडं, लाल चाकं, कडेने सोनेरी रेघा. मागच्या डब्यात प्लास्टिकचा कोळसा ओतलेला, काळ्या खडीसाखरेसारखा चमकणारा. "व्हिंटेज स्टाइल आहे," तो म्हणाला. "जुन्या काळचा लूक. हेच जास्त खपतं."

"कुठल्या जुन्या काळचा?" मी विचारलं. "असलं इंजिन आमच्याकडे कधी आलंच नाही."

"काकू, शोकेसमध्ये कोण एवढं बघतं?"

मी खोका त्याच्याकडे सरकवला आणि बाहेर पडले. बीडला परत येईपर्यंत एसटीत मी नवऱ्याशी धड बोलले नाही. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आधी नांदूरघाटला, मग बीडला. निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, नारायणगडला दर्शनाला जातात. मी हॉलमधला सोफा भावजयीला देऊन टाकला आणि त्या जागी प्लायवूडचा मोठा फळा टाकला. त्यावर मला आमच्या लहानपणीचं परळी स्टेशन उभं करायचं होतं. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, परळी ते पूर्णा या जुन्या मीटर गेजच्या लाइनीवर फायरमन होते. फायरमन म्हणजे इंजिनाच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारा माणूस. उन्हाळ्यात आमच्याकडे सावलीतसुद्धा जीव नकोसा होतो, तेव्हा हा माणूस भट्टीच्या तोंडाशी उभा असायचा. घरी आले की माय त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवायची आणि आधी न्हाणीत पाठवायची. न्हाणीच्या मोरीतून काळं पाणी अंगणात यायचं, आणि त्यात पाय पडला की मी आणि धाकटा भाऊ दोघंही मार खायचो.

स्टेशन झालं, पाण्याची उंच टाकी झाली, क्वार्टरची रांग झाली. राहिलं होतं इंजिन. आमच्या लाइनीवरच्या इंजिनाचं तयार मॉडेल कुठे मिळत नाही, हे मला शोधायला लागल्यावर कळलं. मिळतात ती परदेशी, आणि बहुतेक नटवलेली. शेवटी पुण्यातच एका निवृत्त गृहस्थांचा पत्ता लागला. त्यांच्याकडे अशा छोट्या गाड्यांनी भरलेली अख्खी खोली होती. मी फोन केला तर त्यांनी नातवाचं काही विचारलं नाही. विचारलं, "रुळाची रुंदी किती? वळण किती आखूड? तुमच्या वडिलांच्या इंजिनाची चाकं आठवतात का?"

आठवत होती. एका बाजूने पुढे दोन लहान, मग तीन मोठी, मागे एक लहान. लहानपणी मी ती इतक्यांदा वहीत काढली होती की डोळे मिटूनही काढली असती.

"मग माझ्याकडे एक जपानी आहे," ते म्हणाले. "मांडणी तीच. दिवा, छप्पर आणि धुराडं तुम्हाला बदलावं लागेल. जमेल?"

मला तेव्हा रडू आलं. कुणीतरी पहिल्यांदाच मला कामाचं काही विचारलं होतं.

ते इंजिन आणून मी दोन महिने त्याच्यावर काम करत बसले. पत्र्याचं छप्पर कापलं, कपाळावर एकच मोठा दिवा बसवला, धुराडं आखूड केलं. परळीहून एका मैत्रिणीने खऱ्या कोळशाचे चार खडे आणून दिले, ते खलबत्त्यात कुटून मागच्या डब्यात भरले. आणि आत दोन माणसं उभी केली. एक ड्रायव्हर, आणि एक फावडं घेऊन वाकलेला, हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढा. तो करताना माझी तीन ब्लेडं मोडली.

माय भावाकडे राहते. मधे चार दिवस माझ्याकडे आली होती. तिला इंजिन दाखवलं. तिने चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

"चाकं अशीच व्हती," ती म्हणाली. "पर इतकं चकचकीत कावून केलंस? ते लई मळकं असायचं."

मी बारीक पॉलिश पेपरने सगळी चकाकी घालवली आणि पुन्हा तिच्या हातात दिलं. तिने मान डोलावली. मला वाटलं, झालं. इंजिन ठरलं.

त्याच सुमारास बीडला खरी रेल्वे आली. सगळ्या शहराला तिचं वेड लागलं होतं. माझा धाकटा भाऊ बांधकामाची ठेकेदारी करतो आणि इथल्या एका पुढाऱ्याच्या मागेपुढे असतो. त्या पुढाऱ्याच्या संस्थेने रेल्वेवर प्रदर्शन भरवायचं ठरवलं, आणि भावाने परस्पर सांगून टाकलं की माझ्या अक्काचं मॉडेल ठेवू. खरं सांगते, मला आनंद झाला. आमच्या हॉलमध्ये शेजारपाजारचे सोडले तर ते कुणी पाहिलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी तो बघायला आला. गाडी एक फेरी फिरली. त्याचा चेहरा काही खुलला नाही.

"अक्का, हे इंजिन काय असं काळंकुट्ट?"

"अण्णांचं आहे."

"ते कळलं मला. पर साहेब येणार, मोठी मोठी माणसं येणार. जरा बघण्यासारखं पायजे." मग त्याने पिशवीतून खोका काढला. आत हिरवं इंजिन होतं. पुण्याच्या दुकानात होतं अगदी तसंच, सोनेरी रेघांसकट. "साहेबांनी खास मागवलंय. हे पळवायचं."

"असलं इंजिन परळीला कधी आलं होतं?"

"कोण बघतंय आलं का न्हाई?"

"मी बघतेय ना."

तो खाली वाकला. इंजिनाच्या आत त्याची नजर गेली. "आन् हा माणूस काढ," तो म्हणाला. "तो फावडंवाला."

"कावून?"

नवरा चहा घेऊन आला होता, तो तसाच ट्रे धरून उभा राहिला. मग भाऊ भिंतीकडे बघत म्हणाला, "साहेबांना मी सांगितलंय की अण्णा रेल्वेत अधिकारी व्हते. बोर्डावर तसंच लिवलंय. निवृत्त रेल्वे अधिकाऱ्याच्या कन्येने साकारलेली प्रतिकृती."

मी त्याच्या अंगावर ओरडले. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. ज्या माणसाने कोळसा ओढून तुला इंजिनिअरिंगला घातलं, त्याची तुला लाज वाटते, हे बोलले एवढं नक्की.

"तुला काय हाय?" तोही चढ्या आवाजात म्हणाला. "तू घरात बसून खेळती. मला त्या लोकांत उठाबसावं लागतं. पन्नास एकरवाले, कारखान्यावाले. ते इचारतात, वडील काय करायचे. काय सांगू? कोळसा टाकायचे?"

"हो. तेच सांग."

"तुला शाळेत कुणी कोळश्या म्हणलं न्हाई."

हे मात्र खरं होतं. त्याला म्हणत. एकदा तो शर्ट फाडून घरी आला होता आणि मायला सांगितलं होतं की पडलो. मला ठाऊक होतं, मी त्याच शाळेत वरच्या वर्गात होते. त्या मुलांना मीच दुसऱ्या दिवशी गाठलं होतं. म्हणून तर मला जास्त राग आला. दहा वर्षांच्या पोराला लाज वाटली तर समजू शकते. पण हा पंचावन्न वर्षांचा बाप्या, दोन गाड्या दारात, आणि अजून त्याच पोरांना भिऊन वागतोय.

"काळंच इंजिन पळेल," मी सांगितलं. "नाहीतर मॉडेल येणार नाही."

तो "बरं" म्हणून गेला. मी त्या "बरं"वर विश्वास ठेवला, ही माझी चूक.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी आम्ही फळा टेम्पोत घालून संस्थेच्या हॉलवर नेला. रूळ जुळवले, गाडी पळवून पाहिली, काळं इंजिन स्टेशनात उभं केलं आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा माणसं जमली होती आणि साहेबांची गाडी फाटकातून आत येत होती. मी मॉडेलजवळ गेले. रुळावर हिरवं इंजिन होतं. काळं कुठे दिसेना. टेबलाखाली वाकून पाहिलं तर वायरींच्या खोक्यात आडवं पडलं होतं. ड्रायव्हर आत होता. फायरमन उपटलेला होता. खोक्याच्या तळाशी तो मला सापडला, पण त्याचा फावड्याचा हात तुटला होता.

मी उठेपर्यंत साहेब समोर आले होते. त्यांनी बटण दाबलं, हिरवं इंजिन धावायला लागलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ त्यांच्या शेजारी उभा राहून समजावत होता, "आमचे वडील रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर व्हते, साहेब."

मी कळ बंद केली. गाडी पाण्याच्या टाकीपाशी थांबली. मी हिरवं इंजिन उचलून भावाच्या हातात दिलं आणि काळं रुळावर ठेवलं. चाकं तीनदा घसरली, चौथ्यांदा बसली.

"आमचे वडील फायरमन होते," मी मोठ्याने म्हणाले. "भट्टीत कोळसा टाकायचे. हे त्यांचं इंजिन."

"अक्का, घरी जा," भाऊ दात आवळून म्हणाला.

मी गेले नाही. गाडी सुरू केली. एक पूर्ण फेरी होईपर्यंत तिथेच उभी राहिले, कुणाच्याही तोंडाकडे न बघता.

फेरी संपल्यावर साहेब म्हणाले, "असं का? फायरमन होते? बरं, बरं. छान केलंय, ताई." आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे थर्माकोलचं बीड स्टेशन होतं, त्याच्यासमोर त्यांना फोटो काढायचा होता.

एवढंच. त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. अण्णा अधिकारी होते की फायरमन, तो माणूस अर्ध्या मिनिटात विसरला. ज्याच्यासाठी माझ्या भावाने बापाचा हात मोडून खोक्यात टाकला, त्याने धड ऐकलंसुद्धा नव्हतं. त्या क्षणी मला जेवढा संताप आला, तेवढा हिरवं इंजिन पाहूनही आला नव्हता. भाऊ हातात ते इंजिन धरून, तोंड पाडून उभा होता. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

त्याच दुपारी आम्ही मॉडेल घरी आणलं.

पुढे पंधरा दिवसांनी माय रिक्षा करून आली, एकटी. मला वाटलं, ती माझ्या बाजूने बोलेल. ती बसायच्या आधी म्हणाली, "त्याचं चुकलंच. पर तू चारचौघांत कावून काढलंस त्याचं? घरात हाणायचं व्हतं."

"घरात हाणलं होतं, माय. ऐकलं का त्याने?"

"न्हाई ऐकलं. म्हणून सगळ्या गावापुढं लेकराची इज्जत काढायची?"

"आणि अण्णांची?"

"त्यांची कोण काढतंय?" ती म्हणाली. "ते कुणाला भेले न्हाईत कधी. भेतंय ते हेच." मी तिच्यावरही चिडले होते, चहा टाकताना भांडी आपटत होते. बाहेर आले तर ती फळ्यापाशी खुर्ची ओढून बसली होती. कळ कुठली ते तिने नवऱ्याला विचारून घेतलं होतं आणि काळं इंजिन फिरवत होती. फार जोरात. वळणावर ते कलंडलं. तिने ते उचललं, पदराने पुसलं, पुन्हा ठेवलं. असं तिने सहा-सात वेळा केलं.

संध्याकाळी भाऊ तिला न्यायला आला. हॉर्न वाजवला, पण गाडीतून उतरला नाही. खिडकीतून मला दिसत होता, स्टिअरिंगवर हात ठेवून सरळ समोर बघणारा. कपाळावरचे केस अण्णांसारखेच मागे गेलेत. माय चपला घालताना म्हणाली, "चहाला बोलाव त्याला."

मी दाराशी गेले. मायला हात धरून पायरी उतरवलं, गाडीत बसवलं, तिची पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि तिच्या बाजूचं दार लावून घरात आले.