सरासरी साडेचार

सकाळी नऊलाच आरोग्यकेंद्राबाहेर एकोणचाळीस आया बाळं घेऊन बसल्या होत्या आणि आत लसभांडाराच्या मावशी एकही पेटी बाहेर देत नव्हत्या.

"आठवड्याची सरासरी साडेचार अंश. दोन ते आठच्या मध्ये चपखल," डॉक्टरसाहेबांनी फ्रीजच्या तापमानाचा कागद टेबलावर आपटला. "मावशी, निवृत्तीला वीस दिवस राहिलेत. आता कशाला नसती कटकट?"

"किमानाचा रकाना बघा साहेब. मंगळवारी उणे दोन. चार तास."

"पण सरासरी..."

"बाळाला सरासरी टोचत नाहीत. कुपीतलं टोचतात."

नर्स खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली.

मावशींचे वडील गणिताचे मास्तर. सरासरी हा शब्द फारसी 'सरासर'वरून आला, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, हे त्यांनी लेकीला भागाकाराआधी सांगितलं होतं. मावशींनी एकतीस वर्षं रोज दोन्ही टोकं लिहिली. वरचे लोक शेवटचा आकडा तेवढा वाचत.

ही लस गोठली की निकामी होते, दिसते मात्र तशीच. म्हणून आदल्या संध्याकाळी मावशींनी त्याच पेटीतली एक कुपी मुद्दाम गोठवली होती. आता ती वितळली होती. ती आणि पेटीतली दुसरी, शंकेची कुपी एका मुठीत धरून त्यांनी दोन्ही जोरात हलवल्या आणि खिडकीत ठेवल्या. शंकेची कुपी धड असेल, तर तिचा गढूळपणा गोठवलेल्या कुपीपेक्षा जास्त वेळ टिकणार होता.

"अहो, नंबर कधी लागायचा?" बाहेरून आवाज आला. एक बाळ रडू लागलं, मग दुसरं.

"मंगळवारी इतकं गार झालंच कसं?" साहेबांनी विचारलं.

मावशींनी कुप्यांवरची नजर काढली नाही. "वीज जाणार म्हणून निरोप होता. गारवा टिकावा म्हणून मी बटण वाढवलं. वीज गेलीच नाही. बटण मागे घ्यायला मी विसरले."

साहेब खुर्चीत बसले. "नुसती सरासरी लिहिली असती तर कुणाला कळलंही नसतं."

"हो."

पंधराव्या मिनिटाला दोन्ही कुप्यांत वर नितळ पाणी होतं, तळाशी पांढरा गाळ. सारखाच.

मावशींनी नोंदवहीत लिहिलं : पूर्ण साठा बाद. कारणापुढे स्वतःचं नाव. मग बाहेर जाऊन म्हणाल्या, "आज लस नाही. माझ्या हातून गोठली. शुक्रवारी या."

"एवढ्या लांबून पुन्हा यायचं?" पहिली बाई कडाडली.

"यायचं," मावशी म्हणाल्या आणि तिच्या बाळाच्या कार्डावर नवी तारीख घालू लागल्या.