ताईच्या हातातले पत्ते

माझी थोरली बहीण नौपाड्यात राहते, मी कोपरला. नोकरीच्या वर्षांत सणावारीच काय ते जाणं व्हायचं. तिचे यजमान गेल्यावर मी दर आठवड्याला जायला लागले आणि तेव्हाच लक्षात आलं की ताईला बोलताबोलता शब्द सापडत नाहीत. चाळणीला ती "ते भोकाभोकांचं" म्हणायची. एकदा दूध गॅसवर ठेवून विसरली, पातेलं करपलं, आणि माझ्या भाच्याने तिचं स्वयंपाकघर बंद केलं.

मुलगा वाईट नाही. आईवर जीव आहे त्याचा. पण एकेक करून त्याने तिच्या हातातलं सगळं काढून घेतलं. भाजी आणायला जायचं नाही, बाइकवाले अंगावर येतात. शेंगा निवडायच्या नाहीत, मान दुखते. दिवसभर सोबतीला एक बाई ठेवली. ताईने सोफ्यावर बसायचं, टीव्हीवरचं कीर्तन ऐकायचं आणि वेळेवर गोळ्या घ्यायच्या.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मीही बरोबर होते. डॉक्टरबाईंनी ताईला विचारलं, "आज वार कोणता?"

ताईने भिंतीवर कॅलेंडर आहे का पाहिलं. मग गालातल्या गालात हसत म्हणाली, "का हो, तुम्हीपण विसरलात?"

मला हसू फुटलं, डॉक्टरही हसल्या. भाचा मात्र ओशाळला आणि आईच्या वतीने सॉरी म्हणाला. घरी त्या दिवसभर काय करतात, असं डॉक्टरांनी विचारलं, तर ताईने तोंड उघडायच्या आत यानेच उत्तर दिलं, "काही करावंच लागत नाही तिला. पूर्ण आराम." आणि हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की आजार पुसून टाकणारं औषध नाही, पण त्यांना असं नुसतं बसवून ठेवू नका. माणसांत राहू द्या, हसू द्या, आवडेल ते खेळू द्या.

भाच्याने त्याच संध्याकाळी खेळ आणला. जाड पुठ्ठ्याचं कोडं, बदकाच्या पिल्लांचं. ताईने एक तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि खाली ठेवला. "मी शाळेत गणित शिकवायचे," एवढंच म्हणाली.

याच हॉलमध्ये तिचे यजमान रिटायर झाल्यावर रोज मित्रांबरोबर रमी खेळायचे. आरडाओरडा चालायचा, हसणं जिन्यापर्यंत ऐकू यायचं, आणि ताई आतून चहा आणि कांदाभजी पुरवायची. त्यांना कोणी वय विचारलं नाही. ताईला कोणी ये म्हटलं नाही. लहानपणी गुलामचोर खेळताना आख्ख्या आळीत हिला कोणी हरवू शकायचं नाही, आणि लग्नानंतर हिने पत्त्याला हात लावलेला मी पाहिला नाही. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

पुढच्या वेळी मी स्टेशनजवळून पत्त्यांचा जोड घेऊन गेले. सोबतीच्या बाईंनाही बसवलं. तीन गुलाम बाहेर काढायचे, शेजारच्याच्या हातातला पत्ता न पाहता ओढायचा, जोड्या टाकत जायचं आणि शेवटी एकटा गुलाम ज्याच्या हातात राहील तो चोर. ताईला पहिला डाव नीट जमला नाही. दुसऱ्यात तिने गुलाम असा काही माझ्यापुढे धरला, चेहऱ्यावरची रेषासुद्धा न हलवता, की मी तोच ओढला. मग ती हसली. कितीतरी महिन्यांनी तिचं ते खळखळून हसणं ऐकलं. हरणाऱ्याने कोंबड्यासारखं आरवायचं हा नियमही तिनेच काढला.

एका दुपारी मी आरवत असतानाच दार उघडलं. भाचा ऑफिसातल्या दोघांना घेऊन आला होता. तो त्यांना घेऊन घाईने आतल्या खोलीत गेला. पुढच्या आठवड्यात गेले तर पत्ते माळ्यावर गेलेले, आणि खेळू नका म्हणून बाईंना ताकीद मिळालेली. मी तो येईपर्यंत थांबले.

त्याचं म्हणणं असं की डॉक्टरांनी ब्रेन एक्सरसाइज सांगितलीय, धिंगाणा नाही. "मावशी, आईची एक प्रतिष्ठा आहे."

"प्रतिष्ठा तुझी आहे. आणि सांभाळायची मात्र तिने," मी म्हणाले. "तुझे बाबा इथेच ओरडून खेळायचे, तेव्हा कुठे होती प्रतिष्ठा?"

"बाबांची गोष्ट वेगळी होती."

कशी वेगळी, ते सांग म्हणून मी त्याच्या मागे लागले. आमचं असं वाजत होतं आणि ताई दोघांच्या मधोमध बसलेली. शेवटी तीच म्हणाली, "मला विचारा ना कोणीतरी." आम्ही दोघं तिच्याकडे वळलो. तेव्हा तिने अगदी साधेपणाने सांगितलं, "मला खेळायचंय."

भाच्याने स्टूल घेतलं आणि पत्ते खाली काढून दिले. स्वतः खेळायला बसला नाही, अजूनही बसत नाही. आता कोणी आलं तरी आम्ही थांबत नाही, एवढं मात्र झालं.

आजार आहे तिथेच आहे. कधी ताई मला आई म्हणून हाक मारते, कधी पत्ते उलटे धरते. पण डाव वाटायला घेतला की ती ताठ बसते, आणि त्या दिवशी चार घास जास्त जेवते असं बाई सांगतात. मला बरं वाटतं, आणि संतापही येतो. हे सुख बाईमाणसाला आजारी पडल्यावर, डॉक्टरांच्या परवानगीने का मिळावं?

परवा आमच्या सोसायटीच्या ऑफिसात पुरुषमंडळी कॅरम खेळत होती. मी दारात उभी राहिले, तर एकाने हसून सांगितलं की लेडीजचं भजन गुरुवारी असतं. मी म्हटलं, मला माहितेय. मग रिकामी खुर्ची ओढून बसले आणि स्ट्रायकर मागितला.