भालेरावसरांनी नाव सांगितलं नव्हतं

भालेरावसरांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांच्या जागेवर जाऊन बसलो म्हणून. मी तेव्हा नुकताच नवीन पनवेलला राहायला आलो होतो. आपली ख्रिस्ती मंडळी त्या काळी शाळेच्या हॉलमध्ये उपासनेला जमत असे आणि बसायला मुलांचेच बाक असत. तिसऱ्या बाकावर कोपरा रिकामा दिसला, मी बसलो. थोड्या वेळाने दोन गृहस्थ आले. एक उंच, काटक, चष्मा लावलेले, आणि दुसरे ठेंगणे, हसतमुख. ठेंगण्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग उंचांकडे पाहून म्हणाले, "शलमोन, तुझं सिंहासन गेलं रे!" उंच गृहस्थांनी मला "सलाम" करून हात पुढे केला आणि गुडघे दुमडून ते माझ्या शेजारी बसले. ते आपले श्री. शलमोन भालेराव, आणि ते ठेंगणे यशवंत साळवे.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी नव्या लोकांना प्रार्थना करायला सांगितलं. माझा आवाज मोठा आणि प्रार्थना त्याहून लांब. मी पनवेलपासून यरुशलेमपर्यंत सगळ्यांसाठी मागून घेतलं. बाहेर पडताना सर म्हणाले, "आवाज छान आहे तुमचा. देवाला अजिबात त्रास पडला नसेल ऐकायला." मी खूश झालो. तो टोमणा होता, हे घरी गेल्यावर बायकोने समजावून सांगितलं.

सर तंत्रशाळेत फिटरचं काम शिकवत. तळोज्याच्या कारखान्यांत आजही त्यांचे विद्यार्थी भेटतात आणि सरांचं नाव काढलं की आपोआप ताठ उभे राहतात. साळवे तिथल्याच एका कंपनीत बॉयलरवर होते. दोघे नगर जिल्ह्यातल्या एकाच बोर्डिंगात वाढलेले, एकाच वर्षी पनवेलला आलेले. हॉल शाळेचा असल्यामुळे वेदीमागचा क्रूस दर रविवारी उभा करावा लागे आणि दुपारपर्यंत उतरवावा लागे. पूर्वी त्यात अर्धा तास जाई. सरांनी लोखंडी पट्ट्यांचा असा एक सांगाडा करून दिला की दोन माणसांनी पाच मिनिटांत तो उभा करावा. ती दोन माणसं बहुतेक वेळा हेच दोघे असत.

सरांच्या गौरव अंकाच्या समितीने मला "सरांचे मंडळीतील कार्य" हा विषय दिला आहे. त्या सांगाड्यावर, सरांनी चालवलेल्या संडे स्कूलवर मी दोन पानं सहज लिहीन. पण दहा वर्षं एक गोष्ट माझ्या छातीवर बसली आहे. ती बाजूला ठेवून सरांचा गौरव करायला बसलो तर तो गौरव नव्हे, लबाडी होईल. समितीने मला क्षमा करावी.

दर शनिवारी सकाळी साडेसहाला सर, साळवे आणि मी हॉलमध्ये प्रार्थनेला बसत असू. सरांचा एक दंडक होता. दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट असेल तर तिथेही नाव घ्यायचं नाही. "एका घरासाठी," "एका बहिणीसाठी," एवढंच म्हणायचं. मी एकदा कुरकुरलो, "अहो सर, नाव घेतल्याशिवाय प्रार्थनेला जोर कसा येणार?" सर म्हणाले, "जोर तुला कमी पडतोय का? देवाला पत्ता माहीत आहे."

या दंडकाचा पहिला लाभ मलाच झाला. आमचं बाळ पोटातच गेलं आणि बायको चार दिवस दवाखान्यात होती. कोणाला तोंड दाखवायची तिची इच्छा नव्हती. सर आणि साळवे आळीपाळीने बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले. साळवेवहिनी भाकरी आणि सुकटीची चटणी पाठवत. चार दिवसांत दोघांनी मला एकही प्रश्न विचारला नाही आणि मंडळीत त्यातला एक शब्दही गेला नाही. पुढे बायको उपासनेला आली तेव्हा तिला सगळे नेहमीसारखे "सलाम" म्हणाले. तिने घरी येऊन पोटभर रडून घेतलं.

हे सगळं भोगून, पाहूनही मी जे केलं ते आता सांगतो.

साधारण दोन हजार आठचा सुमार असेल. एका शनिवारी साळवे आले नाहीत. सरांचा चेहरा उतरलेला होता. ते म्हणाले, "शमुवेल, एका मित्रासाठी प्रार्थना कर. त्याच्या छातीच्या फोटोत डाग निघालाय. घरात शुभकार्य आहे, त्यामुळे बोलता येत नाही." नाव नाही, गाव नाही. पण मला नको तिथे अक्कल! आदल्याच दिवशी साळवे मला एसटी स्टँडजवळ दिसले होते, काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, आणि मला पाहून ते घाईने रस्ता ओलांडून गेले होते. त्यांच्या करुणाचा साखरपुडा तीन आठवड्यांवर होता. मी दोन आणि दोन चार केले, आणि आपल्याला कळलं याचा, खोटं कशाला बोलू, मला थोडा आनंदच झाला.

पुढच्या बुधवारी सुकापूरला एका घरी प्रार्थना सभा होती. खोली भरलेली. साळवेवहिनी आणि करुणा भिंतीशी बसल्या होत्या. नवऱ्या मुलाची मावशीही आली होती. होणारी सून कशी आहे ते पाहायलाच आली असणार. मला प्रार्थना करायला सांगितलं आणि माझा घोडा उधळला. डोळे मिटलेले, आवाज चढलेला. "प्रभू, आमच्या साळवे बंधूंच्या छातीवरचा तो डाग तू पुसून टाक!"

"आमेन" कोणीच म्हणालं नाही. डोळे उघडले तर करुणा ओढणीचं टोक मुठीत आवळून खाली बघत होती आणि वहिनी माझ्याकडे. तसं माझ्याकडे त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. मावशी चहा न घेताच उठली. शनिवारपर्यंत निरोप आला की साखरपुडा सध्या पुढे ढकलू. ते स्थळ परत आलं नाही. करुणाचं लग्न पुढे दोन वर्षांनी दुसरीकडे झालं आणि ती सुखात आहे, पण त्याचं श्रेय मला मुळीच नाही.

रविवारी साळवे माझ्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत. "तुला कोणी सांगितलं?" एवढंच विचारलं. मी घाबरलो. मी अंदाज बांधला, मी तोंड उघडलं, हे सांगायचं सोडून म्हणालो, "भालेरावसरांनी प्रार्थनेसाठी सांगितलं होतं." त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी आयुष्यात मी त्याच्याइतकं खोटं बोललेलो नाही. डागाची गोष्ट साळव्यांनी जगात एकाच माणसाला सांगितली होती. ते जिना उतरले.

त्यानंतर साळवे मंडळीत आले नाहीत. डाग टी.बी.चा निघाला, औषधं सुरू झाली. विचुंब्याच्या त्यांच्या घराचं दार सरांसाठी बंद झालं. पनवेलभर बातमी झाली की भालेरावसर विश्वासाने सांगितलेलं बाहेर फोडतात. सर त्यावर अवाक्षर बोलले नाहीत. माझ्याशीही नाही. "सर, मी..." म्हणून मी एकदा सुरुवात केली, तर ते माझ्याकडे बघत थांबले. मी म्हणालो, "...शनिवारी येतो." ते म्हणाले, "ये."

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पाळकसाहेबांच्या मागे पेल्यांचं तबक धरण्याचा मान सरांचा. त्या महिन्यात सरांनी तबक दुसऱ्याच्या हाती दिलं आणि ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. भावाचं मन आपल्याविषयी कलुषित असेल तर आधी ते नीट करावं, मग वेदीपाशी जावं, हे आपण सगळेच शिकलो आहोत. शिकूनही आपण रांगेत उभे राहतो. मीही राहिलो. भाकर घेतली, पेला घेतला, आणि परत येताना सरांच्या बाकाकडे बघायचं टाळलं. दुसरा महिना गेला. तिसरा गेला. प्रत्येक पहिल्या रविवारी अख्खा हॉल मान न वळवता मागे बघत असे.

चौथ्या महिन्यात मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीने सरांना बोलावलं. सर स्वतः पंच, आणि मी कमिटीचा सेक्रेटरी. उपासनेनंतर शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत बैठक बसली. अध्यक्षांनी विचारलं, "सर, आपण प्रभुभोजन का घेत नाही?"

"माझा एक भाऊ माझ्यावर रागावला आहे. तो बोलेपर्यंत नाही घेणार."

"म्हणजे त्याचं गुपित आपण फोडलंत, हे खरं?"

माझी मान इतिवृत्ताच्या वहीत होती. सर आता माझ्याकडे बघतील, असं मला वाटलं. सरांनी बघितलंच नाही. म्हणाले, "सुरुवात माझ्या तोंडून झाली." अध्यक्ष म्हणाले, "तसं लिहून घ्या, गायकवाड." आणि मी लिहिलं. 'श्री. भालेराव यांनी गुपित सांगितल्याची चूक मान्य केली व पंचपदाचा राजीनामा दिला.' राजीनाम्याखाली सरांनी सही केली, पेनाचं टोपण लावून पेन मला परत दिलं, आणि ते गेले.

घरी जेवायला बसलो. घास उतरेना. बायकोने विचारलं तेव्हा पहिल्यांदा मी सगळं बोललो. ती दवाखान्याचे ते चार दिवस विसरली नव्हती. ताट माझ्यापुढून उचलत म्हणाली, "जेवण नंतर. आधी विचुंब्याला जा."

साळव्यांच्या इमारतीखाली घरमालकीण भाजी निवडत बसली होती. मी साळव्यांचं नाव घेताच म्हणाली, "वरती ते सर हायेत. दर आयतवारी येतान. कोन दार नाय उघडीत. तुमी तरी सांगा त्यांना, आमाला बघवत नाय."

मी हळूहळू वर गेलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोहोचलो तर सरांचा आवाज आला. ते बंद दारासमोर चप्पल काढून उभे होते. आधी साळव्यांच्या छातीसाठी, मग करुणासाठी मागितलं. मग म्हणाले, "प्रभू, त्या घाबरलेल्या भावाला धीर दे. तो वाईट नाही. नुसता घाबरलाय. त्याला खरं बोलायचं बळ दे, आणि तोवर त्याला कोणी बोल लावू नये असं कर."

चार महिने हा माणूस या जिन्यावर उभा राहून माझ्यासाठी मागत होता, आणि इथे, बंद दारासमोरही माझं नाव घेत नव्हता.

तेवढ्यात दार खाडकन उघडलं. साळवे निम्मे झाले होते. "बास कर, शलमोन! दर रविवारी तेच! कोण घाबरलंय? मी? मी मरणाला भीत नाही, आणि खरं काय ते मला सांगायची तुझी लायकी नाही!"

खरं काय ते सरांना एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यांनी चप्पल पायात सरकवली आणि जायला वळले. वळल्यावर मी दिसलो. त्यांनी मला पाहून किंचित मान हलवली. नको, अशी होती की बोल, अशी, ते मला आजही सांगता येणार नाही.

माझा मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. मी पुटपुटलो, "साळवेदादा, तो घाबरलेला मी. सरांनी नाव सांगितलं नव्हतं. मी तुम्हाला एक्स-रे घेऊन जाताना पाहिलं आणि ओळखलं. सभेत मी बोललो. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा सरांवर ढकललं."

साळव्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते सरांकडे वळले. "आणि तू चार महिने मुका?"

"तू विचारलंच कुठे, येशा."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"नाही."

"गाढव आहेस," साळवे म्हणाले, आणि दाराची चौकट धरून रडायला लागले. आतून वहिनी आल्या. त्यांनी सरांना हाताला धरून आत नेलं. मला नेलं नाही. मी जिन्यातच उभा राहिलो, आणि ते योग्यच होतं. थोड्या वेळाने साळवे चहाचा कप घेऊन बाहेर आले. "हे घे. पण मंडळीत उभा राहून सांगशील तेव्हाच तुझं-माझं मिटेल."

मी "हो" म्हणालो.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघे तिसऱ्या बाकावर शेजारी बसले आणि बरोबरच पुढे जाऊन त्यांनी प्रभुभोजन घेतलं. लोकांना वाटलं, भालेरावांनी माफी मागितली, साळव्यांनी दिली. मी उभा राहिलो नाही. या नाताळाला सांगू, पुढच्या ईस्टरला सांगू, असं करत दहा वर्षं ढकलली. साळवेदादा आज माझ्याशी बोलतात, पण तो "हो" त्यांच्या लक्षात आहे, हे मला प्रत्येक भेटीत कळतं. सर पुन्हा पंच झाले नाहीत. त्यांनी मला एकदाही आठवण करून दिली नाही.

गेल्या महिन्यात आपल्या एक भगिनी शनिवारच्या प्रार्थनेला आल्या होत्या. रडत काही सांगत होत्या, तेवढ्यात सर आत आले आणि त्या बोलायच्या थांबल्या. सर काय समजायचं ते समजले. "माझा चष्मा बाहेर राहिला," म्हणून दार ओढून घेत बाहेर गेले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

म्हणून लिहितो. इतिवृत्ताची ती वही कपाटात आहे, अक्षर माझं आहे आणि ती ओळ खोटी आहे. हा लेख देण्याआधी साळवेदादांना आणि करुणाला वाचून दाखवला, त्यांची परवानगी घेतली. सरांना विचारलं नाही. त्यांनी नको म्हटलं असतं.

देवाने भालेरावसरांना निरोगी, दीर्घ आयुष्य द्यावं. त्यांचे गुडघे बरे राहोत, साळव्यांची जोड शंभरीपर्यंत टिको. येत्या रविवारी मी उभा राहून हे सगळं तोंडानेही सांगणार आहे, आणि या वेळी आवाज मोठाच ठेवणार आहे. त्यानंतरच्या शनिवारी साडेसहाला सर नेहमीप्रमाणे हॉलमध्ये असतील. मनात काही अडलं असेल तर निर्धास्त जा आणि त्यांना सांगा. ते बाहेर जाणार नाही. तेव्हाही त्यांच्याकडून गेलं नव्हतं.

— शमुवेल गायकवाड