साल्ट तेच आहे

शेजारच्या ताईंचं आधी सांगते, माझं मागून. त्या दिवशी त्यांच्या शेतात रोवणा होता. इकडे तिरोड्याच्या बाजूला भाताच्या लावणीला रोवणा म्हणतात, आणि बायका तो आळीपाळीने एकमेकींच्या बांधीत करतात. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या. आपला नंबर आला की घरच्या बाईनं सगळ्यांच्या आधी चिखलात उभं राहायचं, पहिली पेंडी तिच्या हातची. ताईंचा नंबर त्या दिवशी होता. तो त्यांनी दुसरीला देऊन टाकला, स्वतःचा सगळ्यात मागे ढकलला आणि माझ्याबरोबर गोंदियाच्या पॅसेंजरमध्ये बसल्या. तो नंबर येईतोवर त्यांच्या वाफ्यातली रोपं जून झाली, आणि जून रोपाचं भात कमी येतं. त्या माझ्या नात्याच्या नाहीत, जातीच्या नाहीत, गावच्या तर नाहीतच.

माझं गाव सांगली जिल्ह्यात, दुष्काळी पट्ट्यात. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं आणि यांच्या नोकरीमागे फिरत फिरत मी इथल्या वीज प्रकल्पाच्या गावी येऊन पडले. हे ठेकेदाराकडे सुपरवायझर. मुलं शिकायला बाहेर. मी मुळात घाबरट. गॅस बंद केला का बघायला कुलूप काढून परत आत जाणारी. आमचे हे त्यावरून सगळ्यांसमोर चेष्टा करायचे, मीही हसायचे.

पाळी गेल्यावर अंगातून वाफा निघायला लागल्या. भाकरी थापताना एकदम मानेपासून आग, पदर भिजायचा, आणि पुढच्या घटकेला थंडी. झोप नाही. उगीच रडू. गोंदियाच्या डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या, सोनोग्राफी केली, छातीत गाठ नाही ना ते चाचपलं आणि हार्मोनच्या गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "सुरुवातीला त्रास होईल. छाती दुखेल, पोट फुगेल, थोडं डागही दिसेल. घाबरू नका, जेवणानंतर घ्या, आणि डाग थांबले नाहीत तर लगेच या."

घाबरू नका म्हटलं की मी हमखास घाबरते. छाती खरंच दुखली, ब्लाउजचे हुक लावता येईनात. वर्षभर बंद असलेले डाग परत दिसले. मी हे सगळं फक्त दोघांना सांगितलं. यांना, आणि फोनवर गावाकडच्या आक्काला. आक्का माझी थोरली बहीण, आई गेल्यापासून आईच. तीन महिन्यांत छाती हलकी झाली, डाग गेले, वाफाही गेल्या. मी परत माणसात आले. बाजारात जाऊन भाव करायला लागले, ताईंच्या ओट्यावर बसून वाटाणे सोलायला लागले.

गोळ्या इथल्या दुकानात मिळत नव्हत्या, म्हणून हेच गोंदियाहून आणायचे. एकदा पाकिटाचा रंग बदलला तेव्हा मी धास्तावले. हे म्हणाले, "अगं, दुकानदार म्हणाला, कंपनी अलग है, साल्ट वही है. म्हणजे आतलं औषध तेच, नाव तेवढं वेगळं." मी तरी पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंना पाकीट दाखवलं. खरंच तेच होतं. त्यानंतर मी कधी विचारलं नाही. इंग्रजी अक्षरं मला सुटी सुटी ओळखता येतात, जोडून वाचायला गेले की गुंता होतो. आणि नवऱ्याने आणलेलं औषध कोण बाई तपासून बघते?

पुढे गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी पाकीट परत बदललं. या वेळी गोळ्या पिवळ्या, बारीक. "साल्ट तेच आहे," हे म्हणाले. इतकं बोलून टीव्ही लावला.

दोन आठवड्यांत वाफा परत आल्या, पहिल्यापेक्षा जोरात. गुडघे धरले. दूध उतू गेलं तरी मी रडायचे. मला वाटलं, औषधसुद्धा आपल्याला टिकत नाही. यांना म्हटलं, "डॉक्टरबाईंकडे जाऊया का?" तर म्हणाले, "सगळं मनाचं आहे तुझं. देवाचं नाव घे, जरा चालत जा." आक्का रोज संध्याकाळी फोन करायची. "कशी हायस गं? गोळ्या घेतीयास न्हवं?" मी म्हणायचे, "घेतीया आक्का, पण गुणच येईना." ती म्हणायची, "यील गं. घेत ऱ्हा." मी घेत राहिले. कधी चुकवली नाही. उलट जेवण झाल्या झाल्या, पाणी भरून ठेवून, नेमाने.

ताईंची सून तेव्हा पोटुशी होती. एकदा दुपारी मी त्यांच्या ओट्यावर बसले होते, पर्समधून रुमाल काढताना पाकीट खाली पडलं. ताईंनी उचललं, उलटंपालटं करून बघितलं आणि खो खो हसायला लागल्या.

"काय वो वैनी, तुमाले दिवस गेले का काय?"

"काहीतरीच काय ताई."

"मंग ह्या गोळ्या कायले? माह्या सुनेले ह्याच देल्ल्या नर्सबाईनं. पोटातल्या लेकरासाठी." त्यांनी आत हाक मारली. सून आपली गोळ्यांची पत्ती घेऊन आली. दोन्ही शेजारी ठेवल्या. तोच रंग, तेच चित्र, अक्षरंही एकाखाली एक तीच. सून बारावी शिकलेली, तिने वाचून दाखवलं. फोलिक ॲसिड.

ताई अजून हसतच होत्या. "दादा म्हातारपनी लेकरू पाह्यते का काय वो?" मग माझं तोंड बघून जवळ सरकल्या. "काऊन रडून राहिल्या? दुकानदारानं चुकून देल्ली असन."

मीही तेच धरून बसले. दुकानदाराची चूक. दुकानदाराला शिव्या देत मी घरी आले, हे जेवायला यायचे होते. ताट वाढलं आणि पाकीट ताटाशेजारी ठेवलं.

"अहो, त्या दुकानदारानं भलत्याच गोळ्या दिल्यात. पोटुशी बायांना देतात त्या."

यांनी उचललेला घास हातात तसाच. माणूस निरपराध असला तर दचकतो, चिडतो, 'आणतो बदलून' म्हणतो. यांनी पाकिटाकडे बघितलंसुद्धा नाही. तिथेच मला कळलं. पुढचं त्यांनी सांगितलं ते उगीच.

"मीच मागून घेतल्या," म्हणाले. "त्या हार्मोननं कॅन्सर होतो. व्हिडिओ बघितला मी. तुला सांगितलं असतं तर तू धास्तीनंच मेली असतीस."

"म्हणून मला खोट्या गोळ्या दिल्या?"

"खोट्या कुठल्या? व्हिटामिनच आहे. अपाय काय झाला?"

"मी तुमच्यासमोर रडत होते. मनाचं आहे म्हणालात."

"हे बघ, माझ्या एकट्याच्या डोक्यातलं नाही हे. तुझ्या आक्कालाच विचार. तिनंच सांगितलं, हळूच बंद करा, तिला कळू देऊ नका."

मी तिथल्या तिथे फोन लावला. आक्काने नाकारलं नाही. तिच्या गल्लीतल्या एका बाईला छातीत गाठ झाली होती, ती बाईही कसल्याशा गोळ्या घ्यायची. "तुझी छाती दुखती म्हणलीस न्हवं? माझी झोप उडाली. तुला सांगितलं असतं तर ऐकली असतीस व्हय? आधीच भित्री तू."

"आणि रोज विचारायचीस ते?"

"काय?"

"गोळ्या घेतीयास न्हवं म्हणून."

आक्का म्हणाली, "तुला संशय नको यायला म्हणून विचारायचे गं."

याच्याइतकं दुसरं काही लागलं नाही. नवरा खोटं बोलला ते एकदोनदा, पाकीट देताना, मनाचं आहे म्हणताना. आक्का रोज बोलली, मायेनं बोलली. मी तिला काय काय सांगितलं होतं! डागाचं, छातीचं, अंथरुणातलं. ते सगळं तिकडून यांच्याकडे येत होतं, आणि दोघं मिळून माझं काय करायचं ते ठरवत होती. मी भित्री, हे दोघांनाही ठाऊक. तेच त्यांच्या कामी आलं.

त्यांची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. पण ती माझ्या अंगाची भीती होती. मला सांगायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई परसात भांडी घासत होत्या. मी कुंपणाजवळ उभी राहून सगळं सांगितलं. एरवी कुणाची टर उडवायची संधी न सोडणाऱ्या त्या बाईने या वेळी थट्टा केली नाही. राख लागलेला हात धुतला, म्हणाल्या, "उद्या जाऊ गोंदियाले. मी येतो ना संग."

"उद्या तुमचा रोवणा आहे ताई."

"रोवना कुठी पळून चालला का?"

गाडीत त्यांनी मला खिडकीजवळ बसवलं. वाफ आली की पदराने वारा घालायच्या आणि समोरच्या बाईला सांगायच्या, "गरम होऊन राहिलं तिले, जरा सरका ना वो." मला त्या क्षणी कुणाची लाज वाटली नाही. घरी वाटायची.

डॉक्टरबाईंनी पिवळी पाकिटं हातात घेतली, एकेक उलटून वाचली आणि बाजूला ठेवली. मग मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? बंद करायच्या आहेत का?" इतक्या दिवसांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला. मी म्हटलं, "कॅन्सर होतो का?"

त्यांनी टाळलं नाही. जास्त वर्षं घेतल्या तर थोडा धोका असतो, प्रत्येकीचा वेगळा, म्हणून तर तपासण्या करत राहायचं. "बंद करायचा विचार चुकीचा नव्हता," त्या म्हणाल्या. "मी स्वतःच या वर्षी तुमच्याशी बोलणार होते. पण तुमच्याशी बोलून. एकदम सोडल्या की काही जणींना सगळा त्रास उसळून परत येतो, तसा तुम्हाला आला. आता परत तपासू, ठीक असेल तर कमी ताकदीची गोळी देते. अंग स्थिरावलं की एक दिवसाआड. मग आणखी अंतर. त्रास वाढला तर थांबायचं, मागच्या पायरीवर यायचं. आणि डाग दिसले तर मला कळवायचं, दुसऱ्या कुणाला नाही."

शेवटचं वाक्य त्या सहज बोलल्या असतील. मला ते कितीतरी दिवस पुरलं.

परतीच्या गाडीत मी ताईंना म्हटलं, एवढी कटकट कशाला, सुटल्यात तर सुटूच देत ना. ताई बाहेर बघत होत्या, रुळाच्या दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या बांध्या आणि त्यांचे मातीचे बांध, इकडे त्यांना धुरे म्हणतात. म्हणाल्या, "कापनीच्या आधी बांधीतलं पानी काढतो तं आमी सप्पा धुरा फोडत नाई वैनी. मूठभर तोंड करतो, हळूहळू जाऊ देतो. धुराच फोडला तं पान्यासंग मातीबी जाते." मग माझ्याकडे वळून, "दादानं धुरा फोडला तुमचा. अन् वरतून म्हने पानीच नोव्हतं."

आता एक दिवसाआड चालू आहे. आज गोळीचा दिवस नाही, लिहिता लिहिता एक वाफ येऊन गेली, बारीकशी. चहा कमी केलाय, सकाळी ताईंबरोबर तलावापर्यंत चालते. गोळ्या मीच आणते. जुन्या, खऱ्या गोळ्यांचं एक रिकामं पाकीट पर्समध्ये ठेवलंय, दुकानात नव्याशेजारी धरून अक्षर अक्षर जुळवते. ताकदीचा आकडा तेवढा वेगळा आहे, तो डॉक्टरबाईंनी पाकिटावर पेनाने लिहून दिलाय. दुकानदार वैतागतो. "भाभी, भरोसा नहीं है क्या?" मी म्हणते, "नहीं है."

हे घरात आहेत, जेवतात, ताटात काय आहे विचारत नाहीत. एकदा म्हणाले, "चुकलं माझं. पण भल्यासाठीच केलं." मी ताट उचललं. आक्काचा फोन संध्याकाळी वाजतो. कधी घेते, पाऊसपाण्याचं बोलते. माझ्या अंगाचं काहीही आता त्या फोनवरून जात नाही. आई गेली तेव्हा वाटलं नव्हतं एवढं पोरकं आता वाटतं.

ताईंचं भात यंदा कमी आलं. मी रोवणा लांबल्याचं काढलं तर म्हणाल्या, पाऊस तसाच होता. खोटं बोलणं असंही असतं, ते ऐकून मला कधी नव्हे ते बरं वाटलं.

मी त्यांना सांगून टाकलंय, गुडघे सुधारले की एक दिवस तुमच्या बांधीत मी रोवायला येणार. त्या हसून हसून बेजार. "तुमी बांधीत उतरल्या तं बेडकं हासतीन वैनी. ज्वारीच्या मुलखातल्या तुमी."

हसू देत बेडकांना. कुठल्या वर्षी जमेल ते माझे गुडघे ठरवतील, पण ताईंचा नंबर असेल त्या दिवशी मी चिखलात त्यांच्या शेजारी उभी असेन आणि माझ्यासाठी सोडलेला तो रोवणा वाकून, शेवटच्या पेंडीपर्यंत, फेडीन.