करपलेला ट्रे

आमच्या घरात पाव किलो तूप एकदम कधी आलं नाही. आज इथे परदेशात, स्वोर्ड्सला, ऑफिसच्या चॅरिटी सेलसाठी नानकटाई भाजताना वेलचीचा वास सुटला आणि आमच्या गल्लीतली बेकरी आठवली.

आई ज्यांच्याकडे स्वयंपाक करायची, त्या काकूंचं दिवाळीच्या नानकटाईचं मळलेलं पीठ घेऊन, तिथल्या भट्टीत भाजून आणायला आम्ही दोघी गेलो होतो. भट्टीवाल्यानं अख्खा ट्रे करपवला. वर म्हणतो, "मावशी, जरा जास्तच लाल झाल्यात."

"काकूंना सांग ना, चूक त्याची आहे," मी म्हणाले.

"आपलं कोण ऐकतंय, बाई?"

काकूंनी आईलाच दोष दिला आणि तिचं काम गेलंच. तेव्हा मला तिचाच राग आला होता. आता वाटतं, तिचं बरोबर होतं; आमचं कोणी ऐकलंच नसतं.

आई वारल्यावर दोन वर्षांनी मी पदवीधर झाले, घरातली पहिली.