नंबर सांगून मागितलेला पार्ट

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची ती घटना अजून मनातून जात नाही. दरोडा नाही, मारामारी नाही. चोरीला गेलं होतं एक पुस्तक.

करावे गावातले एक काका सकाळची हजेरी चालू असतानाच पोलीस ठाण्यात येऊन बसले. त्यांच्या वडिलांची जुनी मोटार दुरुस्तीसाठी घराशेजारच्या शेडमध्ये सुटी करून ठेवलेली होती आणि तिचं पार्टबुक नाहीसं झालं होतं. गाडी बनवणाऱ्या कारखान्यानंच त्या काळी छापलेलं. प्रत्येक पार्टचं चित्र, त्याचा नंबर आणि काय कशावर बसतं तो क्रम त्यात होता. दुसरी प्रत कुठे मिळत नव्हती.

"पुस्तक नाही तर गाडी भंगार, साहेब. गिऱ्हाईक ठरलंय, ते पुस्तकाशिवाय हात लावणार नाही," काका म्हणाले. "मिस्त्रीनंच नेलं. शेडमध्ये दुसरं येतं कोण?"

मिस्त्री दिघ्याचा. त्याला बोलावून घेतलं. एकच प्रश्न मी फिरवून फिरवून विचारला, त्यानं तेच साधं उत्तर दिलं. खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी जोडतो. यानं काही जोडलं नाही. शेवटी म्हणाला, "साहेब, आत टाका नायतर सोडा. चोरीसाठी बोलावलं एवढं कळलं तरी बस आहे. लोक विश्वासावर किल्ली देतात. उद्या कोण देईल?"

त्याचं म्हणणं खरं होतं. मी गुन्हा दाखल करायची घाई केली नाही. अर्ज चौकशीवर ठेवला आणि जुन्या पार्टच्या दुकानांत निरोप दिला, असं पुस्तक विकायला आलं तर कळवा.

तुर्भ्याच्या एका दुकानदाराचा फोन आला. "पुस्तक नाय आलं साहेब. पण एक मावशी आलेल्या. त्याच गाडीची क्लचची केबल मागितली, नंबर सांगून."

"मग त्यात काय?"

"आमच्याकडं नंबर सांगतो कोण? जो येतो तो पिशवीतून तुटका पार्ट काढतो, काउंटरवर आपटतो, 'असाच द्या' म्हणतो. ह्यांनी तळहातावर पेननं लिहून आणलेला. बरोबर कंपनीचा नंबर, पुस्तकात छापलेला असतो तोच."

मावशींचं वर्णन विचारलं आणि संध्याकाळी काकांचं घर गाठलं. काकी चहा घेऊन आल्या. वर्णन जुळत होतं. मी त्यांना काहीच विचारलं नाही. काकांना एवढंच म्हणालो, "उद्या मिस्त्रीवर गुन्हा नोंदवतो. तुमचा जबाब लागेल."

काकींनी ट्रे खाली ठेवला आणि काकांना विचारलं, "मिस्त्रीचं नाव दिलंत तुमी?"

"मग कुणाचं देऊ?"

"माजं द्या. पुस्तक तांदलाच्या पिंपात हाय."

काकी माझ्याकडे वळल्या. "केबल मिलत नाय म्हनून यांना कंटाला आला, गाडीच विकायला निघाले. पुस्तक नाय तर गिऱ्हाईक नाय, म्हनून लपवलं. केबल मीच आननार होते."

त्यांना गाडी चालवायला सासऱ्यांनी शिकवलं होतं. गावातल्या अडलेल्या बायकांना याच गाडीतून काकींनी दवाखान्यात पोचवलं होतं.

"आता कुठं चालवणार? गुडघे बघ तुझे," काका पुटपुटले.

"गुडघे माजे हायत. तुमी आदी दिघ्याला जा. चहा मंग."

काकांना मी माझ्या गाडीत घालून दिघ्याला नेलं. मिस्त्रीनं आम्हाला उंबऱ्यावरच उभं ठेवलं आणि काकांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गाडी विकायची असेल तर मी येत नाय. चालवायची असेल तर सोमवारी येतो. आणि पुस्तक काकींकडंच राहू दे."

काकांनी तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं.

वस्तू घरातच मिळाल्याचा जबाब घेऊन अर्ज दप्तरी दाखल केला. चोरी झाली की आम्ही पहिल्यांदा विचारतो, ही वस्तू कुणाला हवी होती? तेव्हापासून मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो. ती जागेवर राहिली असती, तर कुणाचं काय गेलं असतं? उरलेल्या वर्षभरात बरीचशी घरगुती प्रकरणं या दुसऱ्या प्रश्नानं उलगडली.

अर्जावरच्या अहवालाच्या शेवटी मी एक वाक्य वेगळं लिहिलं: मिस्त्रीविरुद्ध काहीही निष्पन्न झालेलं नाही. तशी गरज नव्हती. त्याची प्रत मी मिस्त्रीला द्यायला गेलो, तर त्यानं घडी घालून खिशात टाकली आणि म्हणाला, "बरं झालं साहेब. पण काकींनी आधीच गावभर सांगून टाकलंय."