भिकुबाईची घागर

भडगावला गिरणेच्या वाळूत टरबुजं लावणाऱ्या भिकुबाईला पाणी घालण्याचं भारी वेड. वाळूत झिरा खणायचा, घागर भरायची आणि वेलाच्या बुडाशी रिती करायची, यातच तिचा जन्म गेलेला. दारात आलेल्या माणसाला ती आधी तांब्याभर पाणी पाजणार, मग नाव विचारणार.

सत्त्याऐंशी साली देवपूरच्या एका कॉलेजातून गिरधर सर आले. नदीतली कासवं वाळूत अंडी घालतात, कुत्री ती उकरून खातात. रोज सकाळी फेरी मारून राखण करायला माणसं हवीत, पगार मात्र नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. गाव हसलं. भिकुबाई तेवढी तयार झाली.

पहिली अंडी सापडली तेव्हा तिने त्या जागेवर बाभळीच्या काट्या रचल्या, कुत्री हाकलली, एकदा तर मुंगसामागे विळा घेऊन धावली. सगळं नीट केलं आणि एकच चुकलं. वेलांना पाणी घालताना रोज त्या जागेवरही एक घागर ओतली. वाळू तापते, आतल्या जिवांना तहान लागत असेल, ही तिची समजूत. वैशाखात सरांनी वाळू उकरली तर अंडी कुजलेली.

सर रागावले नाहीत. पाणी मुरलं की अंडं आतल्या आत गुदमरतं, एवढंच म्हणाले.

"म्हंजे मन्हाच हातवरी मरी ग्यात," भिकुबाई म्हणाली. दोन दिवस तिला भाकर गोड लागली नाही.

पुढच्या वर्षी कासवीने अंडी कुठे घालावीत? थेट तिच्याच टरबुजांच्या ओळीत. पाणी घालावं तर अंडी जाणार, न घालावं तर भोवतालचे वेल. नवरा झिपरू कपाळाला हात लावून बसला. "वेल सुकी ग्यात तं आपू काय खासूत?"

त्याचं काही खोटं नव्हतं. तरी भिकुबाईने अकरा वेलांचं पाणी तोडलं. फळ धरलेले वेल डोळ्यांदेखत वाळले. तिचा जीव तुटायचा. मग ती तिकडे पाठ करून काम करायची.

वैशाखातल्या एका सकाळी वाळू हलली. अंगठ्याएवढी पिल्लं वर आली आणि वाळक्या वेलांतून धडपडत निघाली. डोह वीस पावलांवर. भिकुबाईने सवयीने घागर उचलली. झिपरूने तिच्याकडे पाहिलं. तिने घागर खाली ठेवली आणि कावळे हाकलत उभी राहिली.

पाणी त्यांचं त्यांनीच गाठलं.